कॅप्टन डुबल यांचं मेडिकल

आधी पाय झोपतो, मग मी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत, आणि जेवणानंतरची गोळी घेतली की रोज हे असंच होतं. उजवा पाय उशीवर जड होत जातो, आपला नसल्यासारखा. मग तो जडपणा कमरेपर्यंत, छातीपर्यंत चढतो. दुपारचे अडीच वाजले असतील. कार्तिकातलं ऊन खिडकीतून येऊन पलंगाच्या पायथ्याशी थांबलंय. आत निर्मला, माझी बायको, भांडी जागेवर लावतेय. वाट्यांचे आवाज येतात, लांबून, मग आणखी लांबून.

वाट्या थांबतात आणि पावलं सुरू होतात. धप, धप, धप. रबरी पट्ट्यावर बूट पडावेत तशी, एका लयीत. हा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकलाय. माझ्या दवाखान्यातल्या ट्रेडमिलचा आवाज आहे हा. दवाखाना बंद करून तीन वर्षं झाली. ट्रेडमिल कुणी नेली, तेही आता आठवत नाही.

मी मान वळवतो. जिथं आमचं कपाट असतं तिथं ट्रेडमिल आहे, आणि तिच्यावर हणमंत चालतोय. अंगात शर्ट नाही. छातीवर गोल चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या वायरी. खाली युनिफॉर्मची काळी पँट आणि चकचकीत काळे बूट. कपाळावर घाम आहे, पण दम लागलेला नाही.

हणमंत जाऊन चौदा महिने झालेत. ते मला झोपेतही माहीत आहे. त्यालाही माहीत असणार. दोघंही तो विषय काढत नाही.

"किती वेळ रं अजून?" तो विचारतो.

"चालत राहा. मधेच थांबलास तर रिपोर्ट चुकेल."

"चुकेल?" तो माझ्याकडे बघून हसतो. "बरं बाबा. चालतो."

मला त्या हसण्याकडे बघवत नाही. मी कागदावर येणाऱ्या रेघेकडे बघत बसतो.

हणमंत डुबल आणि मी, उद्धव शिराळकर, दोघंही कराडचे. त्याच्या घरी कृष्णाकाठी वांगी-टोमॅटोची शेती, माझे वडील कोर्टात कारकून. विमानाचं वेड खरं तर माझं. त्याला ते मी लावलं. सायकल माझी होती, म्हणून रविवारी त्याला डबलसीट घेऊन मी गावाबाहेरच्या धावपट्टीकडे जायचो. तिथं आठवड्यातून एखादं छोटं विमान उतरायचं, पुष्कळदा तेही नाही. आम्ही तारेच्या कुंपणाला टेकून वाट बघायचो. तो शेंगा सोलून खायचा आणि मी त्याला विमान कसं वळतं, पंखाची मागची पट्टी कधी खाली येते, डाव्या टोकाला लाल दिवा का असतो आणि उजव्या टोकाला हिरवा का, हे पुस्तकात वाचलेलं सगळं सांगायचो. त्याला झोप यायची. मग विमान यायचं आणि तो ताडकन उभा राहायचा.

एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोघं पायलटच्या मेडिकलसाठी एस.टी.नं पुण्याला गेलो. डोळ्यांच्या तपासणीला तो माझ्या आधी आत गेला. तिथं एक वही दाखवायचे. पानभर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. तो बाहेर आला तेव्हा माझं तोंड बघूनच त्याला काहीतरी उमगलं असावं. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण पिकलेला आणि कच्चा टोमॅटो मला रंगावरून ओळखता येत नाही हे त्याला शेतात कळलेलं होतं. बाकावर शेजारी बसून त्यानं माझा हात हातात घेतला आणि तळहातावर बोटानं एकामागून एक आकडे लिहिले. पहिल्या पानावर हा, दुसऱ्यावर हा, तिसऱ्यावर हा. मी पाठ केले.

डॉक्टरांनी वही शेवटच्या पानापासून उघडली.

मी फक्त ठिपके बघत राहिलो. परत येताना गाडीत हणमंत सगळा वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. पास झाल्याची त्याला लाज वाटत होती.

तो पायलट झाला. मी डॉक्टर झालो, आणि पुढं खटपट करून पायलटांची मेडिकल तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत नाव घालून घेतलं. लोकांना वाटायचं, काय हा विमानांचा लळा! लळा होताच. चाळिशीनंतर हणमंतला दर सहा महिन्यांनी मेडिकल लागायचं, आणि त्यासाठी तो माझ्याकडेच यायचा. सहा महिन्यांतून एकदा तो शर्ट काढून माझ्यासमोर बसायचा, आणि ते आकाशातलं हृदय मी स्टेथोस्कोपनं ऐकायचो.

"उद्ध्या, झोपलास काय?"

पट्ट्याचा आवाज चालूच आहे, पण हणमंत आता पलंगाच्या कडेवर बसून बुटांच्या नाड्या सोडतोय, आणि पलंग माझा नाही. चादर ताणून गादीखाली खोचलेली. जाड तपकिरी पडदे पूर्ण ओढलेले. टेबलावर पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी गालिच्यावर पडलीय. बाहेर भर दिवस आहे.

"कुठं आलोय आपण?"

"तिथं बघ की."

फोनवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: गुवाहाटी. चारला उठायचं.

"जाग आली की कळायचं नाही, कुठल्या गावात आहे," तो म्हणतो. "सगळीकडं पडदे असलेच. एकदा उठून अर्धा तास नुसता बसून राहिलो, शरम वाटली म्हणून खाली फोन करून विचारलं नाही. तेव्हापासून झोपायच्या आधी लिहून ठेवायचो."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला जायचो की. तू विचारायचास, हणमा, पावसाळ्यात ढग वरनं कसे दिसतात? मग मी ढगांचं सांगायचो."

तो मोजे काढून बुटांत खोचतो. त्याची टाच भेगाळलेली आहे, शेतकऱ्याची. एवढी वर्षं ती बुटात राहिली तरी तशीच.

"आबा गेले तेव्हा मी वर होतो," तो म्हणतो. "उतरलो. इंजिनं बंद केली. जिना लागला, माणसं उतरली, एक म्हातारी व्हीलचेअरवाली होती ती उतरली. मग खालच्या माणसानं सांगितलं. त्यांना दोन तास आधी कळलं होतं. मी त्याच्यावर चिडलो नाही. मीबी नसतं सांगितलं. मागं दीडशे माणसं बसलेली असतात."

"मी होतो तिथं. मुलगा पोचला नाही म्हणून अग्नी तुझ्या चुलत्यानं दिला."

"ते कळलं मला. मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती."

खोलीतला पट्ट्याचा आवाज वाढलाय.

"आणि उडणं?" मी विचारतो. एवढं ऐकूनही मी तेच विचारतो.

"उडणं होतं की. धावपट्टी सोडताना दोन-तीन मिनिटं, उतरताना चार-पाच. तेवढं माझं. बाकी यंत्राचं आणि कागदांचं. त्यात वर्षातनं दोनदा सिम्युलेटरची परीक्षा, दोनदा तुझी. कुठंही नापास झालं की घरी. पंचावन्न वर्षांचा गडी, पोरीचं लग्न ठरलेलं, आणि दर सहा महिन्यांनी शाळेतल्या पोरासारखा निकालाची वाट बघत बसलेला. तुझ्याकडं यायच्या आदल्या दिवशी मी बी.पी.च्या भीतीनं मीठ खायचो नाही, ठाऊक आहे तुला?"

ठाऊक नव्हतं. तो आला की मी त्याच्या मनगटाला हात लावायचो आणि नाडी जलद लागायची. मला वाटायचं, जिना चढून आलाय म्हणून.

तो जांभई देतो. मोठी, दोन्ही हात ताणून. ही जांभई मी ओळखतो. जांभई संपते तेव्हा आम्ही कॉकपिटमध्ये आहोत.

तो डावीकडं, मी उजवीकडं. त्याच्या अंगात आता पांढरा शर्ट आहे, खांद्यावर चार पट्टे. समोरच्या काचेत एवढं आभाळ आहे की मला रडू येईलसं वाटतं. खाली कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ती जागा दिसते, घाट दिसतो, आमच्या शाळेचे पत्रे दिसतात. हणमंत हात काढून घेतो आणि मानेनं खूण करतो. मी माझ्यासमोरचं सुकाणू दोन्ही हातांनी धरतो. विमान माझ्या हातात येतं, एखादं जनावर दावं ओळखून शांत उभं राहावं तसं. मी जरासं वळवतो, ते वळतं.

मला इतका आनंद होतो की आपण काय केलंय ते मी विसरतो. असा विसरतो याचीही मला नंतर लाज वाटणार आहे, हे स्वप्नातच कळतं.

मी मान वळवून डाव्या पंखाकडं बघतो, मग उजव्या. "हणमा, मला दिसतायत."

"काय?"

"डावा लाल, उजवा हिरवा. वेगळे आहेत रे ते!"

"वेगळेच असतात," तो म्हणतो. त्याच्या आवाजात थट्टा नाही. "मजा येतीय न्हवं? माझीबी पहिली दहा वर्षं अशीच गेली. मग कधी कमी झालं ते समजलं नाही."

"हणमा, मला तुला एक सांगायचंय."

तो समोर बघत राहतो.

ते मी आधी तुम्हाला सांगतो, कारण जागेपणी मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. निर्मलालासुद्धा नाही.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. हणमंत तेव्हा पंचावन्नचा. पहाटे विमान उतरवून, झोप न काढता, तो थेट माझ्याकडे मेडिकलला आला. ट्रेडमिलवर चालला. वेग वाढला तेव्हा रेघेत थोडा फरक दिसला. अगदी थोडा, नक्की सांगता येऊ नये इतकाच. मी तो कागद शेजारच्या इमारतीतल्या हृदयरोगतज्ज्ञांना, डॉक्टर बेहेरेंना दाखवला. ते म्हणाले, "गडी जागरण करून आलाय. याला काही अर्थ नाही. पंधरा दिवसांनी झोप काढून येऊ दे, परत करू, मग ठरवा." सरळ सल्ला होता. मी तसं अनेकांच्या बाबतीत केलेलंही होतं.

मी केबिनमध्ये परत आलो तेव्हा हणमंत शर्टाची बटणं लावत होता. त्यानं ती जांभई दिली आणि म्हणाला, "उद्ध्या, खरं सांगू? एस.टी.च्या ड्रायव्हरसारखं झालंय बघ. त्याला निदान वाटेत चहाला थांबता येतं. एकदाचा सुटलो तर बरं होईल."

एवढंच. दमलेला माणूस जे बोलतो तेच बोलला तो. पण माझ्या डोक्यात काहीतरी चढलं. मी छत्तीस वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते याच्या हातात होतं आणि हा जांभया देत होता. मला त्याचा राग आला. असा राग मला ना त्याआधी कुणाचा आला होता, ना नंतर आला. त्या रागातच मी फॉर्म पुढं ओढला आणि 'अनफिट' लिहिलं. बेहेरेंचा सल्ला कुठंही नोंदवला नाही. सही केली. माझं अक्षर त्या दिवशी नेहमीपेक्षा सुवाच्य आलं होतं.

त्यानं कागद वाचला. आधी त्याला थट्टा वाटली. मग खुर्चीत बसला.

"उद्ध्या, परत एकदा बघ ना. पंधरा दिवसांनी येऊ का?"

मी म्हणालो, "नियम आहे, हणमा. आता वरच्या बोर्डाकडेच जावं लागेल."

ज्यानं माझ्या तळहातावर आकडे लिहिले होते त्याला मी नियम सांगितला.

बोर्डाला अकरा महिने लागले. अँजिओग्राफी झाली. नळ्या स्वच्छ होत्या, हृदय ठणठणीत. 'फिट'चा कागद हातात पडला तोवर त्याच्या कंपनीनं करार पुढं वाढवला नव्हता, आणि वर्षभर जमिनीवर असलेला छप्पन्न वर्षांचा पायलट दुसऱ्या कुणाला नको होता. पुढची साडेचार वर्षं तो एका क्लासमध्ये पायलट व्हायला आलेल्या मुलांना हवामानशास्त्र शिकवत होता. मग स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि तीन महिन्यांत गेला.

या सगळ्या काळात तो मला एका शब्दानं बोलला नाही. उलट जिथं तिथं सांगायचा, "आमच्या डॉक्टरनं वेळेत पकडलं, नाहीतर एखाद्या दिवशी विमानासकट गेलो असतो." त्याची बायको शालन एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाली, "अहो, पण नंतर काहीच निघालं नाही ना?" तर तिच्यावरच डाफरला, "तुला काय कळतं त्यातलं?" मी तिथं बसून त्याच्या घरचे पोहे खात होतो.

"हणमा," मी आता म्हणतो, विमान अजून माझ्याच हातात आहे, "त्या दिवशी तुझ्या रिपोर्टमध्ये काही नव्हतं. बेहेरे म्हणाले होते परत करा. मी केलं नाही. मला तुझा राग आला होता."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"बेहेरे भेटले होते. एका लग्नात. त्याच वर्षी. म्हणाले, काय कॅप्टन, पंधरा दिवसांनी आला नाहीत परत? मी म्हटलं, विसरलो."

काचेतून खाली आता काहीच दिसत नाही. सगळीकडे पांढरं.

"म्हणजे सगळी वर्षं तुला ठाऊक होतं? आणि तू लोकांना सांगत होतास—"

"मग काय सांगणार होतो? की माझ्या मित्रानं मला खाली पाडलं? कराडात तोंड दाखवायचं होतं मला. तुलाबी दाखवायचं होतं."

"मी मुद्दाम..." मी थांबतो. "तूच म्हणाला होतास, सुटलो तर बरं होईल."

हे मी बोलतो. हेही मला नंतर आठवणार आहे.

तो पहिल्यांदाच वळून माझ्याकडे नीट बघतो. रागानं नाही. मी रोग्याकडे बघायचो तसं, किती सांगावं याचा अंदाज घेत.

"म्हणालो होतो," तो म्हणतो. "उडायची आवड कधी गेली ते मला सांगता येत नाही, उद्ध्या. पण परत कधी आली ते सांगतो. तू कागद हातात दिलास ना, जिना उतरून रस्त्यावर आलो, वरनं एक विमान चाललं होतं. मी भर रस्त्यात उभा राहिलो. रिक्षावाला शिव्या देऊन गेला. त्या घडीला परत आली. एकोणिसाव्या वर्षी होती तशी. आणि मग गेलीच नाही."

"हणमा."

"वर्गात पोरांना ढग शिकवायचो तेव्हा फळ्याकडं तोंड करून उभा राहायचो. पोरांना वाटायचं, सर आकृती काढतायत."

"मला माफ कर म्हणणार होतो मी."

"शालनला सांगितलंस?"

"नाही."

"निर्मलावहिनीला?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं. मला सांगायला तुझं काही जात नाही."

माझे हात रिकामे आहेत. धरायला काहीच नाही. मी उभा आहे आणि गुडघा दुखत नाही.

आम्ही गवतात आहोत. कमरेएवढं वाळलेलं पिवळं गवत, आणि त्याच्यापलीकडं कराडची धावपट्टी. कुंपण नाही. हणमंत पुढं चाललाय. युनिफॉर्म गेला, अंगात मळकी बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. तो एकोणीसचा आहे की साठीचा ते पाठीवरून समजत नाही. टाचा मात्र त्याच. धावपट्टीच्या टोकाला एक छोटं दोघांचं विमान उभं आहे, पंखाला ठिगळ मारलेलं.

मी त्याच्यामागून भराभर चालतो. गवत पायांना घासतं, टोचतं.

"कुठं निघालास?"

"जरा वर जाऊन येतो."

"कुठल्या गावाला?"

"कुठल्याच नाही." तो हसतो, आणि आता ते हसणं सायकलवर मागं बसलेल्या हणमंताचं आहे. "रोस्टर नाही, हॉटेल नाही, मागं कुणी बसलेलं नाही. नुसतं वर जायचं आणि यायचं. हे बघ, असं पाहिजे होतं. तू सांगायचास तसं."

तो पंखावर हात टेकून आत चढतो. शेजारची जागा रिकामी आहे. मी दाराशी जातो. आयुष्यात मला दुसरं काही नको आहे.

"मी येऊ?"

तो माझ्याकडे बघतो. डोळ्यांत पुन्हा ती थट्टा येते, पण तिच्याखाली काहीतरी थंडगार आहे.

"तुझं मेडिकल कुठाय?" तो विचारतो.

मी खिसे चाचपतो. खरोखर चाचपतो. पायजम्याला खिसेच नाहीत.

"नियम आहे रं," हणमंत म्हणतो, आणि हळूच, माझी बोटं सापडू नयेत अशा बेतानं, दार लावून घेतो.

इंजिन सुरू होतं. गवत सगळं एका बाजूला आडवं होतं, माझ्या पायांना चिकटतं. विमान धावत जातं, वर उठतं. मी हात हलवतो. तो हलवतो की नाही ते उन्हात दिसत नाही.

"अहो. अहो, चार वाजले. उठताय ना?"

निर्मला उशाशी उभी आहे. तिच्या हातात चहा. उन्हानं पलंग सोडून भिंत गाठलीय. गुडघा ठणकतोय, म्हणजे मी जागा आहे. ती कप ठेवते, माझ्या पाठीमागं उशी लावते, पांघरूण बाजूला करते आणि थबकते.

"हे काय?"

माझ्या पांढऱ्या पायजम्याला, घोट्यापासून गुडघ्याच्या पट्टीपर्यंत, कुसळं टोचलेली आहेत. वाळलेली, पिवळी, शेकडो. रानातल्या गवताची.

"कुठं गेला होतात?" ती विचारते. तिला माहीत आहे की मी कुठं जाऊ शकत नाही. न्हाणीपर्यंत जायचं तर तिचा खांदा लागतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आज सकाळी हा पायजमा तिनंच इस्त्री करून दिलाय.

ती वाकून एक कुसळ ओढते. ते सहज निघत नाही. आत, कातडीपर्यंत गेलंय.

"माझा फोन दे," मी म्हणतो. "आणि इथंच बस. तूही ऐक."

शालनवहिनी दुसऱ्या रिंगला उचलते. "काय भावजी, पाय कसा आहे?"

मी सांगतो. पाय नव्हे, ते. ट्रेडमिलपासून सांगतो. बेहेरे काय म्हणाले, मी काय लिहिलं, का लिहिलं. 'राग' हा शब्दही गाळत नाही. निर्मला पलंगाच्या कडेवर बसलीय. तिचा हात माझ्या पायजम्यावर होता, तो तिनं काढून घेतलाय.

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज येतो.

"दवाखान्यात होते ना शेवटी," शालन म्हणते. आवाज अगदी सपाट आहे. "तेव्हा एक दिवस मला म्हणाले, उद्धवला बोलावून घे. त्याला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, तुम्हाला सांगायचंय की त्याला? तर म्हणाले, त्याला. त्याला सांगायचंय, येऊ दे त्याला. मग मी म्हटलं, दार ओढून बाहेर बसते."

"हो वहिनी."

"तुम्ही आलात. मी बाहेर बसले. तुम्ही वीस मिनिटं औषधांचं बोललात आणि गेलात. नंतर मी आत गेले तर ते दाराकडंच बघत होते. म्हणाले, राहिलं वाटतं."

मी चहाचा कप उचलून हातात धरतो.

"ठेवते भावजी," ती म्हणते, आणि ठेवते.

निर्मला उठते. मला वाटतं ती आत जाईल. पण ती दिवाणखान्यातून आपला चष्मा आणि एक वर्तमानपत्र घेऊन येते, ते माझ्या पायांखाली पसरते आणि खाली बसते. माझ्याकडे बघत नाही. एकेक कुसळ ओढून काढून कागदावर ठेवू लागते. काही निघताना रक्ताचा बारीक ठिपका उमटतो. मी चहाचा कप तसाच धरून बसलो आहे.

"दुखतंय का?" ती विचारते.

"हो," मी म्हणतो.

ती पुढचं कुसळ ओढते.